इंग्रजीतला ‘लिमिटेड’ वाक्यात बसवताना

खानावळीच्या फळ्यावर ‘लिमिटेड थाळी’. इमारतीच्या फाटकावर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’. मुंबईत मोजक्याच थांब्यांवर थांबणाऱ्या बेस्टच्या बसला लोक नुसतं ‘लिमिटेड’ म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द शिकावा लागत नाही, आणि गोची तिथेच होते. शब्द आधीपासून तोंडात बसलेला असल्यामुळे इंग्रजी लिहिताना तो मराठीच्या वळणानेच खाली उतरतो. मग ‘लिमिटेड अपटू फिफ्टी’, ‘लिमिटेड पीपल केम’, ‘आय ॲम लिमिटेड इन इंग्लिश’ अशी वाक्यं तयार होतात. समोरच्याला अर्थ कळतो, पण कधी वाक्य लंगडं पडतं, तर कधी भलताच अर्थ निघतो.

हा लेख अर्ज, ईमेल, सूचना, अहवाल लिहिणाऱ्यांसाठी आणि मराठी माध्यमातून शिकून आता इंग्रजीत काम करणाऱ्यांसाठी आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, कारण चूक डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते.

आधी उच्चार आणि स्पेलिंग

आपण ‘लिमिटेड’मधला ‘टेड’ ठासून म्हणतो. इंग्रजीत जोर पहिल्या ‘लि’वर असतो आणि शेवट आखूड होतो, साधारण ‘लिमिटिड’ असा. क्रियापद टी किंवा डीच्या उच्चाराने संपत असेल तर पुढचा ईडी स्वतंत्र अवयव (सिलेबल) म्हणून उच्चारतात. ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’, ‘लिमिटिड’ ही सगळी त्याच जातीची.

स्पेलिंगमध्ये टी एकच. ‘परमिटेड’, ‘अॅडमिटेड’, ‘कमिटेड’ यांत टी दोनदा येतो, म्हणून हात आपोआप इथेही दुसरा टी घालतो. नियम जोराचा आहे. ‘परमिट’, ‘अॅडमिट’, ‘कमिट’ या क्रियापदांत जोर शेवटच्या अवयवावर असतो, म्हणून व्यंजन दुणावतं. ‘लिमिट’, ‘व्हिजिट’, ‘एडिट’ यांत जोर सुरुवातीला असतो, म्हणून ते एकदाच येतं. उच्चार बरोबर बसला की स्पेलिंगचा प्रश्न आपोआप सुटतो.

पायरी १: मराठीतला ‘मर्यादित’ कोणता ते ओळखा

मराठीत ‘मर्यादित’ हा एक शब्द बरीच कामं करतो. इंग्रजी शब्द शोधण्याआधी आपल्याला नेमकं काय म्हणायचंय ते सोप्या मराठीत स्वतःलाच सांगा.

‘वेळ मर्यादित आहे’ म्हणजे वेळ थोडा आहे, हवा तेवढा नाही. इथे ‘लिमिटेड’ चपखल बसतो: ‘टाइम इज लिमिटेड.’

‘हा प्रश्न पुण्यापुरता मर्यादित नाही’ म्हणजे व्याप्ती सांगायची आहे. इथेही ‘लिमिटेड’, पण ‘टू’ला सोबत घेऊन: ‘द प्रॉब्लेम इज नॉट लिमिटेड टू पुणे.’

‘या भागात प्रवेश मर्यादित आहे’ या वाक्यात खाच आहे. थोड्याच लोकांना सोडतात, असं म्हणायचंय की परवानगीशिवाय कुणालाच सोडत नाहीत, असं? दुसरा अर्थ असेल तर शब्द ‘रिस्ट्रिक्टेड’. त्याकडे पुढे येऊ.

आणि एक अर्थ असा, जो इंग्रजी ‘लिमिटेड’मध्ये अजिबात नाही. ‘मर्यादा’ म्हणजे अदब, संयम. ‘त्यांचं बोलणं मर्यादित असतं’ हे मराठीत कौतुकाने म्हणतात. माणूस मोजकं आणि जपून बोलतो. हेच कुणी ‘हिज स्पीच इज लिमिटेड’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की त्याला बोलायला त्रास होतो. लहान मुलांच्या वाचाविकासाच्या तपासणी अहवालात ‘लिमिटेड स्पीच’चा अर्थ हाच असतो: मूल वयाच्या मानाने फार कमी शब्द बोलतं. मोजकं बोलणाऱ्यासाठी ‘ही इज अ मॅन ऑफ फ्यू वर्ड्स’ किंवा साधं ‘ही डझन्ट से मच’. ‘मर्यादेत राहा’ असा दम द्यायचा असेल तर ‘बिहेव्ह युवरसेल्फ’. तिथे ‘लिमिटेड’चं काही काम नाही.

पायरी २: कुठल्या नामाला लावायचा?

‘लिमिटेड’ मोजता किंवा मापता येणाऱ्या गोष्टींना लागतो: वेळ, जागा, पैसा, साठा, माहिती, ज्ञान, पर्याय, अनुभव, अधिकार, यश. ‘लिमिटेड टाइम’, ‘लिमिटेड स्पेस’, ‘लिमिटेड बजेट’, ‘लिमिटेड स्टॉक’, ‘लिमिटेड एक्स्पीरिअन्स’, ‘लिमिटेड सक्सेस’ हे सगळं बिनदिक्कत लिहा.

माणसांना थेट लावू नका. सर्वांत जास्त फटका इथे बसतो. ‘लिमिटेड पीपल अटेंडेड द मीटिंग’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं ‘मोजकेच लोक आले’. पण इंग्रजीत माणसाला ‘लिमिटेड’ म्हटलं की त्याची कुवत कमी आहे, असा अर्थ होतो. ‘ही इज अ लिमिटेड प्लेअर’ म्हणजे हा खेळाडू बेताचाच, त्याच्याकडे ठरावीक दोन-चार फटक्यांपलीकडे काही नाही. तेव्हा मीटिंगचं वाक्य ‘ओन्ली अ फ्यू पीपल अटेंडेड’ असं करा. आणि पुढच्या वेळी मुळात थोड्यांनाच बोलवायचं असेल तर ‘वी आर इन्व्हायटिंग अ लिमिटेड नंबर ऑफ पीपल’. ‘नंबर’ मध्ये आला की ‘लिमिटेड’ संख्येला लागतो आणि माणसं सुटतात.

‘स्टाफ’ला मात्र सूट आहे. ‘वी हॅव लिमिटेड स्टाफ टुडे’ चालतं, कारण तिथे माणसांकडे व्यक्ती म्हणून पाहिलेलं नसून मनुष्यबळ म्हणून पाहिलंय.

स्वतःच्या इंग्रजीबद्दल सांगतानाही हेच. ‘आय ॲम लिमिटेड इन इंग्लिश’ नको. ‘माय इंग्लिश इज लिमिटेड’ म्हणा. कमी आहे ते इंग्रजी, तुम्ही नव्हे.

एकवचन-अनेकवचनात एक खड्डा आहे. ‘इन्फर्मेशन’, ‘नॉलेज’, ‘इक्विपमेंट’, ‘फर्निचर’ या शब्दांना इंग्रजीत अनेकवचन नाही. म्हणून ‘लिमिटेड इन्फर्मेशन इज अव्हेलेबल’ लिहायचं; ‘इन्फर्मेशन्स आर’ नाही. शेवटचा एस काढला पण ‘आर’ तसाच ठेवला, अशी अर्धवट दुरुस्तीही खूप दिसते.

आता ही जोडी नीट पाहा:

‘अ लिमिटेड नंबर ऑफ सीट्स आर अव्हेलेबल.’
‘द नंबर ऑफ सीट्स इज लिमिटेड.’

दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात ‘अ नंबर ऑफ’चा अर्थ ‘काही’ असा आहे आणि खरा कर्ता ‘सीट्स’, म्हणून ‘आर’. दुसऱ्यात ‘द नंबर’ म्हणजे ‘संख्या’ हाच कर्ता, म्हणून ‘इज’. सगळा खेळ ‘अ’ आणि ‘द’चा आहे. बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी हे पाठच करावं, चुका शोधायच्या प्रश्नांत ही जोडी हमखास येते.

‘लिमिटेड’च्या आधीचं ‘अ’ कुठे येतं, कुठे नाही? पुढचं नाम मोजता येणारं आणि एकवचनी असेल तर येतं: ‘अ लिमिटेड बजेट’, ‘अ लिमिटेड रेंज’, ‘टू अ लिमिटेड एक्स्टेंट’. ‘टाइम’ची दोन रूपं आहेत. ‘वी हॅव लिमिटेड टाइम’ म्हणजे आपल्याकडे वेळ कमी आहे. ‘फॉर अ लिमिटेड टाइम’ म्हणजे ठरावीक काळापुरतं, जाहिरातीतली सवलत असते तसं. ‘वी हॅव अ लिमिटेड टाइम’ टाळलेलं बरं; ‘अ’ हवंच असेल तर ‘अ लिमिटेड अमाउंट ऑफ टाइम’. आणि ‘अॅन लिमिटेड’ कधीच नाही, कारण शब्द ‘ल’ या व्यंजनाने सुरू होतो.

पायरी ३: पुढे ‘टू’, ‘बाय’ की ‘इन’?

इथे सावकाश चला. बऱ्याच चुका या जागी होतात, आणि त्या शब्दयोगी अव्ययांतून येतात.

मराठीत आपण दोन प्रकारे बोलतो: ‘५० जणांपुरतं मर्यादित’ आणि ‘५० जणांपर्यंत मर्यादित’. दुसऱ्यातल्या ‘पर्यंत’चं इंग्रजी आपण ‘अपटू’ करतो आणि ‘लिमिटेड अपटू फिफ्टी’ तयार होतं. पण ‘लिमिटेड टू’मधल्या ‘टू’तच ‘पुरता’ आणि ‘पर्यंत’ दोन्ही आलेले असतात. वर ‘अप’ घालणं म्हणजे आमटीत दोनदा मीठ. एकतर ‘एन्ट्री इज लिमिटेड टू फिफ्टी पीपल’ लिहा, नाहीतर ‘लिमिटेड’ काढून ‘अप टू फिफ्टी पीपल कॅन अटेंड’. ‘अप’ आणि ‘टू’ हे दोन शब्द आहेत, हेही लक्षात ठेवा. जोडून लिहिलेलं ‘अपटू’ भारतीय कार्यालयांत सर्रास दिसतं, पण प्रमाण इंग्रजीत ते दोन सुटे शब्दच आहेत.

तेव्हा कसोटी अशी: मराठीत ‘-पुरता’, ‘-पुरती’, ‘-पुरतं’ बसत असेल तर ‘लिमिटेड टू’. संख्या, गट, जागा, विषय, काहीही असो.

‘बॅगेज इज लिमिटेड टू फिफ्टीन किलोज’ – सामान १५ किलोपुरतं.
‘द स्कीम इज लिमिटेड टू विडोज’ – योजना विधवा महिलांपुरती.
‘द डिस्कशन विल बी लिमिटेड टू द बजेट’ – चर्चा अंदाजपत्रकापुरती.
‘कूपन्स आर लिमिटेड टू टू पर फॅमिली’ – कुटुंबामागे दोनच. इथे ‘टू टू’ कानाला खटकत असेल तर ‘टू कूपन्स पर फॅमिली’ एवढंच लिहा.

तारखेला मात्र ही कसोटी लागू होत नाही. ‘ऑफर ३१ मार्चपर्यंत मर्यादित’ याचं ‘लिमिटेड टिल ३१ मार्च’ होत नाही. शेवटची तारीख सांगायची असेल तर ‘द ऑफर इज व्हॅलिड अंटिल ३१ मार्च’. ‘लिमिटेड टू’च्या पुढे काळाचं माप येतं, शेवटची तारीख येत नाही: ‘द ऑफर इज लिमिटेड टू थ्री डेज.’ आणि ‘टिल स्टॉक लास्ट्स’ हे दुकानी इंग्रजी आहे. रूढ प्रयोग ‘व्हाइल स्टॉक्स लास्ट’.

‘टू’नंतर क्रियापद आलं की आणखी एक सापळा. ‘अलाउड टू’नंतर मूळ क्रियापद येतं: ‘यू आर अलाउड टू ब्रिंग वन गेस्ट.’ त्याच नादात ‘माय रोल इज लिमिटेड टू चेक द बिल्स’ लिहिलं जातं. चूक. ‘लिमिटेड’पुढचं ‘टू’ हे ‘लुक फॉरवर्ड टू’मधल्यासारखं शब्दयोगी आहे आणि त्याला नाम लागतं. म्हणून क्रियापदाला आयएनजी लावून त्याचं नाम करा: ‘माय रोल इज लिमिटेड टू चेकिंग द बिल्स.’ मराठीतही आपण ‘बिलं तपासण्यापुरतं’ असंच म्हणतो. ‘तपासणं’ हे तिथे नाम झालेलं आहे, फक्त आपलं लक्ष नसतं.

‘बाय’ कारण सांगतं: मर्यादा कशाने घातली. ‘द प्रोजेक्ट वॉज लिमिटेड बाय अ लॅक ऑफ फंड्स.’ पैशांच्या चणचणीने हात बांधले गेले. इथे मराठी प्रत्यय ‘-ने’ किंवा ‘-मुळे’. ‘ड्यू टू’ही चालतं: ‘पार्किंग इज लिमिटेड ड्यू टू रोड वर्क’. फरक एवढाच की ‘बाय’ थेट मर्यादा घालणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवतं, ‘ड्यू टू’ मोघम कारण देतं. ‘लिमिटेड विथ मनी’ मात्र कुठेच बसत नाही.

‘इन’ सांगतं की कशाच्या बाबतीत: ‘द स्टडी इज लिमिटेड इन स्कोप’, ‘वी आर लिमिटेड इन व्हॉट वी कॅन डू’. या दुसऱ्या वाक्यात माणसं कर्ता असूनही वाईट अर्थ निघत नाही, कारण ‘इन व्हॉट वी कॅन डू’ने लगेच खुलासा होतो की बंधन परिस्थितीचं आहे.

तिन्ही एकाच विषयावर लावून पाहा. सार्वजनिक वाचनालय आहे. ‘बॉरोइंग इज लिमिटेड टू थ्री बुक्स’ म्हणजे एका वेळी ३ पुस्तकं. ‘द कलेक्शन इज लिमिटेड बाय शेल्फ स्पेस’ म्हणजे कपाटांत जागाच पुरत नाही. ‘द कलेक्शन इज लिमिटेड इन सायन्स टायटल्स’ लिहायचा मोह होईल, पण ते अडखळतं. ‘द कलेक्शन ऑफ सायन्स टायटल्स इज लिमिटेड’ जास्त सरळ. ‘इन’ शक्यतो ‘स्कोप’, ‘नंबर’, ‘साइझ’, ‘व्हॉट वी कॅन डू’ अशा मापाच्या शब्दांपुरतं ठेवा.

एक सूचना, पहिल्यापासून शेवटपर्यंत

सोसायटीच्या फळ्यावर लावायची मराठी सूचना अशी समजा: ‘महाप्रसादासाठी जागा मर्यादित असल्याने प्रवेश सभासदांपुरता मर्यादित राहील. प्रत्येक सदनिकेस ४ कुपने. कुपने मर्यादित वेळेत, सायं. ६ ते ८, मिळतील.’

शब्दाला शब्द लावला तर इंग्रजीत तीनदा ‘लिमिटेड’ येईल आणि वाचणारा कंटाळेल. आधी प्रत्येक ‘मर्यादित’ला विचारा, तू करतोस काय? पहिला सांगतो की जागा कमी आहे, राहू दे. दुसरा सांगतो की फक्त सभासदच. त्याला ‘मेंबर्स ओन्ली’ पुरेसं आहे. तिसरा काहीच सांगत नाही, कारण ‘६ ते ८’ म्हटल्यावर वेळ मर्यादित आहे हे उघडच आहे. तो काढून टाका. सदनिकेमागच्या कुपनांच्या संख्येला मात्र ‘लिमिटेड टू’ शोभेल, जरी मराठीत तिथे ‘मर्यादित’ नसला तरी.

‘स्पेस इज लिमिटेड, सो एन्ट्री इज फॉर मेंबर्स ओन्ली. कूपन्स आर लिमिटेड टू फोर पर फ्लॅट अँड कॅन बी कलेक्टेड बिट्वीन सिक्स अँड एट पीएम.’

दोन वाक्यं, दोन ‘लिमिटेड’, आणि दोन्ही आपापलं काम करतात. ‘ओन्ली लिमिटेड सीट्स’ अशी जोडी जाहिरातीच्या मथळ्यात खपते, पण सलग वाक्यात ‘ओन्ली’ आणि ‘लिमिटेड’ यांपैकी एकच ठेवलेला बरा.

पायरी ४: कमी-जास्त करणारे शब्द

‘फार मर्यादित’ म्हणायचं तर ‘व्हेरी लिमिटेड’, ‘एक्स्ट्रीमली लिमिटेड’. ओढाताण दाखवायची तर ‘सिव्हिअरली लिमिटेड’. तुलनेला ‘मोर लिमिटेड’. पण पुढे ‘टू’ आणि ठरलेला आकडा आला की ‘व्हेरी’ चालत नाही. ‘व्हेरी लिमिटेड टू फिफ्टी’ म्हणजे काय? ५० म्हणजे ५०. ती फार ५० किंवा थोडी ५० नसते. तिथे ‘स्ट्रिक्टली लिमिटेड टू फिफ्टी’, म्हणजे एकावन्नावा माणूस आत जाणार नाही.

पायरी ५: शेजारचे शब्द

‘रिस्ट्रिक्टेड’मध्ये नियम आणि मनाई असते, ‘लिमिटेड’मध्ये प्रमाण असतं. ‘लिमिटेड पार्किंग’ म्हणजे गाड्या लावायला जागा कमी, लवकर या. ‘रिस्ट्रिक्टेड पार्किंग’ म्हणजे ठरावीक वेळा किंवा ठरावीक लोक, नाहीतर दंड. लष्करी हद्दीवर ‘रिस्ट्रिक्टेड एरिया’ असतं, ‘लिमिटेड एरिया’ नाही. जेवणाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. ‘रिस्ट्रिक्टेड डाएट’ डॉक्टर देतात: मीठ बंद, साखर बंद. ‘लिमिटेड डाएट’ म्हणजे खाण्यात वैविध्य नाही, रोज तेच ते. पेशंटच्या कागदावर एकाच्या जागी दुसरा शब्द पडला तर अर्थ बदलतो.

‘कन्फाइन्ड’ म्हणजे कोंडलेला किंवा एका जागी खिळलेला: ‘कन्फाइन्ड टू बेड’. अंथरुणाला खिळलेल्याला ‘लिमिटेड टू बेड’ म्हणत नाहीत.

‘फायनाइट’ शास्त्रीय शब्द आहे. कोळसा ‘फायनाइट’ आहे म्हणजे केव्हातरी संपणारच, आज कितीही असो. ‘लिमिटेड’ असेल तर आजच कमी आहे. पैशांची तंगी असेल तर ‘टाइट बजेट’ जास्त बोलीतलं, आणि पाणी मिळायलाच मुश्कील असेल तर ‘स्केअर्स’.

‘लिमिटिंग’ आणि ‘लिमिटेड’ यांची अदलाबदल करू नका. जो मर्यादा घालतो तो ‘लिमिटिंग’, ज्याच्यावर पडते तो ‘लिमिटेड’. अकरावीच्या रसायनशास्त्रातलं ‘लिमिटिंग रीएजंट’ आठवा: जे आधी संपतं आणि अभिक्रिया थांबवतं. अहवालात ‘वॉटर इज द लिमिटेड फॅक्टर’ लिहिलेलं असतं, तिथे ‘लिमिटिंग फॅक्टर’ हवं.

‘ड्यू टू टाइम लिमिटेशन’ हे कार्यालयांचं लाडकं आहे. ‘बिकॉज टाइम इज लिमिटेड’ साधं आणि स्वच्छ. कोर्टाच्या कामात तर ‘लिमिटेशन’ म्हणजे दावा दाखल करायची मुदत. १९६३ चा लिमिटेशन अॅक्ट त्याबद्दलच आहे. तेव्हा वकिलाला लिहिताना हा शब्द सैलपणे वापरू नये.

उलट्या बाजूला ‘अनलिमिटेड’ आणि ‘लिमिटलेस’. डेटा, कॉल, थाळी ‘अनलिमिटेड’, कारण ठरवली असती तर मर्यादा घालता आली असती आणि व्यवहारात ती घातलेली नाही. कल्पनाशक्ती, आकाश ‘लिमिटलेस’. ‘लिमिटेड थाळी’ हा आपला भारतीय प्रयोग आहे. परदेशी पाहुण्याला समजवायचं तर ‘इट्स अ सेट मील, नो सेकंड हेल्पिंग्ज’ म्हणा.

ठरलेले जोडशब्द

काही जोड्या जशाच्या तशा घ्याव्या लागतात, आणि त्यांत ‘लिमिटेड’ नेमका कशाला लागलाय हे कळलं पाहिजे.

‘लिमिटेड कंपनी’मध्ये मर्यादित कंपनी नसते, तिचा व्यवसायही नसतो. मर्यादित असतं ते भागधारकांचं दायित्व: कंपनी बुडाली तर भागापोटी देणं असलेल्या रकमेपलीकडे त्यांच्या घरादाराला हात लागत नाही. इंग्लंडमध्ये १८५५ च्या लिमिटेड लायबिलिटी अॅक्टने हे तत्त्व कायद्यात आणलं. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार पब्लिक कंपनीच्या नावाअखेर ‘लिमिटेड’ आणि प्रायव्हेट कंपनीच्या नावाअखेर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लागतं. ‘मी एका प्रायव्हेट लिमिटेडमध्ये आहे’ हे मराठीत चालतं. इंग्रजीत ‘आय वर्क इन अ प्रायव्हेट लिमिटेड’ अपुरं वाटतं. ‘कंपनी’ जोडा, किंवा नुसतं ‘अ प्रायव्हेट कंपनी’.

‘वन इयर लिमिटेड वॉरंटी’. बहुतेकांना वाटतं, वर्षाचीच म्हणून लिमिटेड. तसं नाही. वर्ष ही मुदत झाली. ‘लिमिटेड’ सांगतो की हमीत सगळं येत नाही. अमुक भाग, अमुक दोष, मजुरी, वाहतूक यांतलं काहीतरी वगळलेलं असतं. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यात ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ असे वॉरंटीचे दोन वर्गच केलेले आहेत. खोक्यावर हा शब्द दिसला की आतली बारीक अक्षरं वाचायची.

‘लिमिटेड एव्हिडन्स’ वैद्यकीय बातम्यांत येतो. त्याचं ‘मर्यादित पुरावा’ असं भाषांतर करून मोकळं होऊ नये. अर्थ असा, की पुरावा काही प्रमाणात आहे, पण ठाम निष्कर्ष काढण्याइतका नाही. कर्करोगावरची जागतिक आरोग्य संघटनेची संस्था, आयएआरसी, ही संज्ञा ठरलेल्या व्याख्येनेच वापरते आणि ‘सफिशिअंट’पेक्षा ती खालची पायरी मानते.

‘लिमिटेड-ओव्हर्स क्रिकेट’ व्याकरणाच्या दृष्टीने गंमतीचं आहे. ‘टेन-डे टूर’, ‘फाइव्ह-रुपी कॉइन’ अशा जोडांत नाम एकवचनी राहतं, पण इथे ‘ओव्हर्स’चा एस टिकून आहे. ५ जानेवारी १९७१ ला मेलबर्नला झालेला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना प्रत्येकी ८ चेंडूंच्या ४० षटकांचा होता. पुढे आकडे बदलले, एस तसाच राहिला. ‘लिमिटेड-ओव्हर मॅच’ असंही छापलेलं दिसतं. निवड करायची तर एस ठेवा.

बेस्टची ‘लिमिटेड’ बस इंग्रजीत समजावताना ‘लिमिटेड-स्टॉप बस’ म्हणा. इथे उलट ‘स्टॉप’ एकवचनी. भाषेला सगळीकडे एकच नियम लावता येत नाही तो असा.

करारात ‘इन्क्लूडिंग बट नॉट लिमिटेड टू’ येतं: यादीत दिलेल्या गोष्टी धरून, पण तेवढ्यापुरतं नव्हे. यादीच्या शेवटी पुन्हा ‘एटसेट्रा’ लावू नका, तेच दोनदा होतं. करारातली भाषा असू दे करारात. साध्या ईमेलमध्ये ‘सच ॲज’ पुरे.

हात बसवायला

खालची वाक्यं दुरुस्त करा. आधी स्वतः लिहा, मग पुढचं वाचा.

‘माय वर्क इज लिमिटेड टू प्रिपेअर इन्व्हॉइसेस.’ इथे ‘प्रिपेअरिंग’ हवं.

‘देअर आर लिमिटेड इक्विपमेंट्स इन द लॅब.’ इथे ‘देअर इज लिमिटेड इक्विपमेंट इन द लॅब’. एस गेला आणि ‘आर’ही.

‘द नंबर ऑफ फॉर्म्स आर लिमिटेड.’ कर्ता ‘नंबर’, म्हणून ‘इज’.

‘द कोर्स इज लिमिटेड अपटू थर्टी स्टुडंट्स टिल जून.’ यात दोन दुखणी आहेत. ‘द कोर्स इज लिमिटेड टू थर्टी स्टुडंट्स. एन्रोलमेंट इज ओपन अंटिल जून.’ एका वाक्यात कोंबायचा हट्ट सोडला की दोन्ही चुका एकदम जातात.

‘अवर प्रिन्सिपल इज अ व्हेरी लिमिटेड पर्सन.’ निरोप समारंभाच्या भाषणात, शांत आणि अदबशीर स्वभावाचं कौतुक म्हणून लिहिलेलं. इथे ‘लिमिटेड’ पूर्ण खोडा आणि ‘अवर प्रिन्सिपल इज सॉफ्ट-स्पोकन अँड डिग्निफाइड’ लिहा, तेही भाषण छापायला जाण्याआधी.